डोकं ठिकाणावर

टेलरमास्तरांकडे बँडवाल्यांची तीनशे मापं संगणकात होती. पण तक्ता खाली सरकवला की ‘कंबर’, ‘लांबी’ ही वरची नावं दिसेनाशी व्हायची. “डोकंच गायब होतं गं याचं!” मास्तर बायकोपाशी कुरकुरायचे. गेल्या खेपेला दोन्ही मापांची अदलाबदल झाली आणि काटकुळ्या बासरीवाल्याच्या पँटमध्ये दोन बासरीवाले मावले. तेही गुडघ्यापर्यंतच.

बायकोने कोड लिहून ती नावांची ओळ जागच्या जागी गोठवायचा चंगच बांधला. सकाळपासून ती कोडमध्ये पहिल्या चौकटीचं नाव देत होती, ‘ए-वन’, आणि काही म्हणता काही गोठत नव्हतं. दुपारी एकदम ट्यूब पेटली. नाव दिलेल्या चौकटीच्या वरचं आणि डावीकडचं तेवढं गोठतं, आणि ‘ए-वन’च्या वर आहे काय? कप्पाळ! तिने ‘बी-टू’, म्हणजे दुसऱ्या ओळीतली दुसरी चौकट, असं लिहिलं, तक्ता सरसर खाली नेला आणि मापाची टेप गरगर फिरवत कापडाच्या ताग्यांमधून नाचत सुटली.

मास्तरांच्या हातातली कात्री थांबली. “अगं, डोकं ठिकाणावर आहे ना?”

“आहे ना!” ती धापा टाकत म्हणाली. “तीनशेव्या माणसापर्यंत खाली जाऊन आले, जागचं हललं नाही!”