सुगरण नावाचं डोमेन

धाकट्या जावेने वेताच्या टोपल्यांचं काम वेगळं सुरू केलं, तेव्हा नाव तिच्या मनात पक्कं होतं, ‘सुगरण’. वेत विणणाऱ्या बाईला त्या घरटं विणणाऱ्या पाखराहून चांगलं नाव कुठलं मिळणार? दोघी जावा एकत्र काम करायच्या तेव्हाही तिने तेच सुचवलं होतं. “लोकांना वाटेल, आपण जेवण पुरवतो,” म्हणून थोरलीने ते हसण्यावारी नेलं. असं एकेक साठत गेलं आणि शेवटी दोघींचं बोलणंच बंद झालं.

भाड्याच्या गॅरेजमध्ये बसून धाकटीने वेबसाइटसाठी त्याच नावाचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, शोधलं. कुणीतरी आधीच घेतलेलं होतं, पण मालकाचं नाव काही दिसेना. दुसरी नावं घालून पाहिली, एकही मनात भरेना. शेवटी तिने डोमेन विकणाऱ्या कंपनीमार्फत त्या अनोळखी मालकाला निरोप धाडला, “विकणार का? मला फार हवंय.” खाली आपलं नाव लिहिलं.

थोड्याच वेळात थोरलीचा फोन आला.

“विकत कशाला मागतेस? तुझ्यासाठीच घेऊन ठेवलंय.”

“ताई, तुम्ही? कधी घेतलंत?”

“तू बाहेर पडलीस त्याच दिवशी. तुझा सगळा निवांत कारभार, तोवर कुणीतरी पळवलं असतं. आता करून देते तुझ्या नावावर. फक्त दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, ते तेवढं विसरू नकोस.”



“ते तुम्हीच करत जा ना, ताई,” धाकटी म्हणाली. “तेवढ्यासाठी तरी फोन कराल.”