तिसऱ्या रांगेतला हात

"सगळ्यांनी डोळे मिटा," पाळक म्हणाले. "कोणी कोणाकडे बघायचं नाही. ही वेळ फक्त तुमची आणि प्रभूची."

हॉलने डोळे मिटले. उघडे राहिले चारच. दोन पाळकांचे, दोन त्यांच्या बायकोचे. तिला मिटून चालत नाही. ती कीबोर्डवर असते, आणि न बघता वाजवण्याइतका तिचा हात अजून बसलेला नाही. प्रार्थनेच्या खाली हळू काहीतरी वाजत राहावं लागतं. नाहीतर लोकांना पंखा ऐकू येतो, खुर्च्यांची कुरकुर ऐकू येते, आणि मनं गॅस बंद केला होता का ते बघायला घरी जातात.

"ज्याला आज आपलं जीवन येशूच्या हाती द्यायचंय, त्याने नुसता हात वर करावा."

कोणी केला नाही.

"हो. मागे, खांबाजवळ. पाहिला मी तुमचा हात. देवाचे आभार."

खांबाजवळ नुसता स्पीकर होता.

लग्नानंतर हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा तिने घरी विचारलं होतं. ते चिडले नाहीत. पाण्यात पहिली उडी कुणीतरी मारावी लागते, मगच काठावरचे उतरतात, असं त्यांनी समजावलं होतं; आपण फक्त त्या पहिल्या उडीचा आवाज काढतो. तिला हसू आलं होतं. पटलंही होतं.

"आणि इकडे डावीकडे. हो भाऊ, तुमचाही."

डावीकडचे भाऊ डुलक्या घेत होते.

तिसऱ्या रांगेत तिची शेजारीण बसली होती, वरच्या मजल्यावरची. आज पहिल्यांदाच आलेली. डोळ्यांत औषध घालून घ्यायला बसावं तसे डोळे गच्च मिटलेले, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

शेजारणीचा नवरा गेला, त्याच आठवड्यात पाळकांची बायको तिच्याकडे जाऊ लागली. मंडळीतल्या बायकांना ती स्वतःच शिकवायची: आधी तिची व्हा, मग तिला बोलवा. दुःखात माणूस दार लावून घेत नाही, तेवढ्यात आत शिरा. 'शिरा' हा शब्द तिचाच होता, आणि बायकांनी तो वहीत उतरवून घेतला होता. मग ती रोज संध्याकाळी वर जायला लागली, सुरुवातीला ठरवून, नंतर...

"उशीर करू नका. उद्याचा भरवसा कोणाला?"

...न ठरवता. शेजारीण पत्त्यांत बिनदिक्कत लबाडी करायची, आणि पकडली गेली की उलट हिच्यावरच रुसायची. देवाचा विषय काढला की म्हणायची, तुझा देव आला तरी दारावरूनच परत जाईल गं, पाटीवर अजून ह्यांचंच नाव आहे. दोघी हसायच्या. एकदा हसता हसता शेजारीण रडली, आणि हिला बायबलमधलं एकही वचन आठवलं नाही. तिने तशीच तिची पाठ चोळली.

ते तिने मंडळीच्या मंगळवारच्या बैठकीत सांगितलं नाही.

बैठकीत पाळकांचं म्हणणं पडलं की फार दिवस झाले. हा रविवार शेवटचा धरायचा. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी हात वर केला तर त्यांना नव्या विश्वासणाऱ्यांच्या वर्गात घालायचं, तो मंडळीतल्या डॉक्टरीणबाई घेतात. नाही केला तर बी खडकावर पडलं म्हणायचं आणि पुढे जायचं. तळमजल्यावर नवीन जोडपं आलंय, बायको एकटी पडलेली दिसते. सगळ्यांनी आमेन म्हटलं. तिनेही म्हटलं. हात वर झाला काय, न झाला काय, शेजारणीकडची संध्याकाळ दोन्हीकडून जाणार, हे घरी पोचल्यावर तिच्या ध्यानात आलं.

आज येताना जिन्यात शेजारणीने तिचा दंड धरला होता. नवी साडी, नीट विंचरलेले केस.

"खरं सांग. मी हात वर नाही केला, तर उद्या येशील ना?"

"वेडी आहेस का," ती म्हणाली होती. येईन म्हणाली नव्हती.

"अजून एक हात राहिलाय," पाळक म्हणाले. आवाज खाली आला. तो कधी खाली आणायचा ते त्यांना बरोबर कळतं. "तिसऱ्या रांगेत. ताई, मी तुमच्यासाठीच थांबलोय."

त्या रांगेत दुसरी ताई नव्हती.

शेजारणीने डोळे उघडले. तिने पाळकांकडे पाहिलंच नाही. सरळ कीबोर्डकडे पाहिलं. पर्स सावरली, आणि उजवा हात खांद्यापर्यंत उचलून धरला. वर्गात उत्तर येत नसताना बाईंना बरं वाटावं म्हणून धरावा, तसा.

"प्रभूची स्तुती असो," पाळक म्हणाले, आणि त्यांचा आवाज भरून आला. खरोखर भरून आला. ती त्यांची बायको होती, तिला फरक कळत होता.

तिचं बोट चुकीच्या पट्टीवर पडलं. कोणी डोळे उघडले नाहीत. तिने शेजारणीकडे बघत मान हलवली. नको. पुन्हा हलवली, थोडी जोरात. नको, खाली घे.

शेजारणीने ते पाहिलं. तिला वाटलं, एवढ्याने भागत नसेल. तिने कोपर सरळ केलं आणि हात अजून वर नेला, डोक्याच्याही वर. तो अवघडला, तेव्हा दुसऱ्या हाताने त्याला खालून आधार दिला.