दर्शनी बाजूचं दुसरं दार

"दिवाणखान्याची खिडकी काढायची आणि तिथे दार बसवायचं, एवढंच ना?" फूटपट्टी बाईंनी नकाशा भिंतीवर चिकटवत विचारलं.

"एवढंच," थोरला म्हणाला.

"एवढंच," धाकटाही म्हणाला. वर्षभरात दोघा भावांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट.

वसाहतीच्या सभागृहात शेजारीपाजारी जमले होते. फूटपट्टी बाई म्हणजे समितीच्या अध्यक्ष. त्यांचं खरं नाव सगळ्यांना ठाऊक होतं, पण तोंडात हेच बसलं होतं. वसाहतीतली घरं बाहेरून एकसारखी दिसली पाहिजेत, हा मूळ नियम, आणि तो बाईंनी डोळ्यांत तेल घालून सांभाळलेला. भिंती पांढऱ्या, खिडक्या करड्या, समोरून दार एकच. कुणी हौसेनं फाटकाला हिरवा रंग दिला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी बाई फाटकाशी हजर. आरडाओरडा नाही, काही नाही. नुसत्या उभ्या राहायच्या. माणूस आपणहून रंगारी शोधायला जायचा.

अशा बाईंकडे दुसरं दार मागायचं म्हणजे वाघाच्या जबड्यात हात घालायचा. पण भावांचा नाइलाज होता. भांडण नेमकं कशावरून लागलं, ते आता दोघांनाही धड सांगता आलं नसतं. कुणीतरी कुणाच्यातरी गाडीपुढे गाडी आडवी लावली, इथून सुरुवात झाली. मग त्यात बायका आल्या, मुलं आली, मुलांचे मार्क आले, मेलेल्या वडिलांचं कोण किती लाडकं होतं तेही आलं. शेवटी बोलणंच बंद. "त्याला सांग, गाडी काढ म्हणावं," थोरला आईला सांगायचा. "त्याला सांग, जेवून काढतो म्हणावं," धाकटा आईला सांगायचा. दोघं एकाच टेबलाशी जेवत असायचे. मध्ये आमटीचं पातेलं आणि आई.

म्हणून ठरलं की घराच्या मधोमध भिंत घालायची. दोन स्वयंपाकघरं, दोन दारं, आणि जो तो आपापल्या घरी सुखी. घर दोघांच्या नावावर होतं, आईनंच कौतुकानं करून दिलेलं. त्यामुळे तिची सही लागत नव्हती, आणि सही लागत नाही म्हटल्यावर तिला विचारायचंही कुणाला सुचलं नाही. नकाशा काढणाऱ्या मुलीनं तेवढं विचारलं होतं, "आईंची खोली कुणाच्या बाजूला दाखवू?" खोली नेमकी मधोमध होती. "ते बघू नंतर," दोघं म्हणाले. तिनं तिथे ठिपक्यांची रेघ मारून ठेवली.

आज आईही सभेला आली होती. घरी एकटी बसून काय करू, म्हणाली. भावांना शेजारी शेजारी बसायचं नव्हतं, म्हणून ती मधल्या खुर्चीवर बसली.

बाईंनी चष्मा पुसला. "समोरच्या बाजूला दुसरं दार आपण देत नाही. पण घर वेगळं होत असेल तर नियमात सवलत आहे. अट एकच, शेजाऱ्यांची हरकत नको. एकाचीही हरकत आली, तर विषय तिथेच संपला. मग वरचा कुणी आला तरी मी दार होऊ देणार नाही."

ही अट भावांना माहीत होती. दोघांनी आळीपाळीनं जाऊन शेजाऱ्यांना मस्का लावून ठेवला होता.

"डावीकडचे?"

डावीकडचे दंतवैद्य उभे राहिले. "माझी काही हरकत नाही," ते म्हणाले आणि कुणाकडे न बघता खाली बसले.

"उजवीकडच्या?"

उजवीकडे राहणाऱ्या शिक्षिका जरा घुटमळल्या. या दोन भावांना त्यांनी एकाच सायकलवर डबलसीट शाळेत येताना पाहिलेलं. "त्यांच्या घरातला प्रश्न आहे," त्या म्हणाल्या. "मी कोण मध्ये पडणार?"

थोरल्याला हायसं वाटलं. आता रोजची कटकट संपणार. पण उद्यापासून धाकट्याला निरोपसुद्धा पाठवावा लागणार नाही, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं. त्याला वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. पण आता माघार घ्यायची म्हणजे चारचौघांत मान खाली. त्यानं चोरून धाकट्याकडे पाहिलं. धाकटा बुटाच्या नाडीशी चाळा करत होता.

"आणखी कुणाची हरकत?" बाईंनी पेनाचं टोपण काढलं. "नसेल तर मंजूर लिहिते."

आईनं हात वर केला.

थोरल्याला वाटलं, तिला पाणी हवं असेल.

"माझी हरकत आहे," आई म्हणाली.

"आई, हात खाली घे," दोघं एकदमच म्हणाले.

हात खाली आला नाही. सभागृहात कुणीतरी खुर्ची सरकवली. फूटपट्टी बाईंनी पेन टेबलावर ठेवलं. त्या पहिल्यांदाच जरा मऊ आवाजात बोलल्या.

"काकू, मला वाईट वाटतं, पण हरकत फक्त शेजाऱ्यांना घेता येते. तुम्ही तर घरातल्याच."

"आज आहे," आई शांतपणे म्हणाली. "ते दार झालं की यांच्यातल्या एकाची मी शेजारीण होणार. त्या शेजारणीची हरकत लिहून घ्या."