पेटाऱ्यावरचा हात

"दुसऱ्या कंपनीत जातंस मां? पेटाऱ्यावर हात ठेवून सांग!"

दशावतारी कंपनीच्या त्या पेटाऱ्यात गणपतीचा मुखवटा होता. त्यावर हात ठेवून रत्नाकर म्हणाला, "नाय मालक. वकिली शिकूक जातंय." आवाज खणखणीत, पापणी स्थिर.

बाबी मालकांचा संशय उलट बळावलाच. लिहिलेले संवाद नसताना राजाच्या थाटात काहीही ठोकून द्यायला त्याला त्यांनीच तर शिकवलं होतं.

"वकिलीच कित्याक?"

"आयेची जमीन गेली... कोर्टात तिच्या बाजून..." रंगमंचावर कधीही न अडलेला रत्नाकर अडखळला. "बोलूक कोणच नव्हतो."

मालकांनी त्याचा हात हळूच पेटाऱ्यावरून उचलला.

"जा. पण कोर्टात असो अडखळू नको."