भोपळ्याची वडी आणि अंगारकी

"लाल भोपळ्याची वडी विकत कोण घेणार?" मार्केटिंगच्या धामणकरांनी तोंड वाकडं केलं. मिठाई कारखान्यातल्या नीलांबरीनं सहा महिने खपून ती जमवली होती. मालकांनी आज होकार दिला नाही, तर बेत कायमचा बारगळणार होता.

आणि आजच निघाली अंगारकी. चाखायला बोलावलेली सगळी मंडळी उपाशी, ताटाकडे बघत बसलेली. तारीख ठरवताना पंचांग बघायचं तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"भोपळा उपासाला चालतो," ती तडकून म्हणाली. "खात्री नसेल तर घरी विचारा."

झालं. एवढाले साहेब, पण उपासाचा निकाल आईकडे. भराभर फोन लागले. मालकांच्या मातोश्रींनी भोपळा, दूध, साखर, वेलची असं एकेक तपासून बजावलं, "चालतं रे. खा मुकाट्यानं."

बघता बघता ताटात एकच वडी उरली.

"नाव 'केशरी बहार' ठेवू," धामणकर बोटं चाटत म्हणाले. "भोपळा मागे, बारीक अक्षरात."

"पुढे, ठळक." मालकांनी ती वडीही उचलली. "श्रावणाआधी बाजारात आली पाहिजे. भोपळा लपवलात, तर कुठली आई 'चालतं' म्हणेल?"