गुडघ्यांचं कव्हर

आरोग्यविम्यावरून दोन्ही मुलांची जुंपली, तेव्हा आईनं वैतागून कानातलं ऐकायचं मशीन काढून टेबलावर ठेवलं. "आजींच्या गुडघ्यांचं ऑपरेशन पॉलिसीत घ्यायचं?" घरी आलेल्या विमा एजंटानं आईकडे बघत विचारलं. "त्याला दोन वर्षं थांबावं लागतं म्हणता, तोवर ही कुठली टिकतेय!" थोरला म्हणाला. "हळू बोल," धाकटा कुजबुजला. "मशीन काढलंय. ढोल बडवलास तरी कळायचं नाही." "मग नुसतं अपघाताचं कव्हर घेऊ. पडलीबिडली तर तेवढं बास." दोघं हसले. आई त्यांच्या ओठांकडे बघत होती. उमेदीची वर्षं तिनं यंत्रमागांच्या खडखडाटात काढली होती. तिथं बायका एकमेकींचे ओठ वाचूनच बोलायच्या. ती एजंटाला म्हणाली, "गुडघ्यांचं घ्या. हप्ता मी भरीन आणि दोन वर्षं थांबेनही. हे दोघे मात्र माझ्या घरात उद्यानंतर थांबणार नाहीत." "आई, ऐक तरी!" थोरला ओरडला. आईनं डोळे मिटले.