तिसऱ्यांदा नदीनं काय मागितलं

पाच जिने चढून वाचनालयातली ओविदिया रेंतास दारात पोचली. धाप लागलेली असतानाच तिनं हातातला कागद पुढे केला.

"परवानगी मिळाली, दोन्या मोन्से! छापलेली नसलेली गोष्टसुद्धा आता वाचनालयात सांगता येईल. येत्या शनिवारी तुमची कोंबडीची गोष्ट. आधी आपल्या भाषेत, मग इंग्रजीत."

म्हातारी दोन्या मोन्से, म्हणजे मोन्सेबाई, खिडकीशी बसून बायकांच्या हॅटवर कापडी फुलं शिवत होती. तिनं कागदाकडे पाहिलंही नाही.

"एवढ्याशा कागदाला चार वर्षं लागली होय गं? बस. निल्सा, बाईंना कॉफी दे."

बारा वर्षांची नात तोंड वाकडं करून उठली. आजीशी ती स्पॅनिशमध्ये बोलायची ते हो-नाहीपुरतं. बाकी सगळा कारभार इंग्रजीत. न्यूयॉर्कच्या त्या गल्लीत बेटावरून आलेल्या आम्हा लोकांची बहुतेक पोरं अशीच होती.

ओविदियानं पिशवीतून मेणबत्ती काढून टेबलावर पेटवली. वाचनालयात गोष्टीच्या तासाला ती लागायचीच. गोष्ट संपली की एखाद्या मुलानं मनात इच्छा धरायची आणि फुंकर घालायची. गोष्ट चालू असताना मात्र ती कुणी विझवायची नाही. चार वर्षांपूर्वी अशाच मेणबत्तीसमोरून ओविदियानं दोन्या मोन्सेला उठवलं होतं, भर मुलांत. आपल्या त्या वागण्याची लाज अजून गेली नव्हती.

"कुठल्या पुस्तकातली, असं विचारलं होतंस," म्हातारी म्हणाली. "मी म्हटलं, माझ्या आईच्या तोंडची. तर म्हणालीस, मग मुलांना सांगता येणार नाही."

"नियम होता तो. आपल्या बेटावरची मी तिथं नोकरीला लागलेली पहिलीच. वाटलं, आपण चुकलो तर दुसरीला दारातसुद्धा उभं करणार नाहीत." ओविदियानं मान खाली घातली. "पण चुकलेच मी. तुमच्याशी चुकले."

"जाऊ दे. लिही."

दोन्या मोन्से सांगू लागली. सुई चालू, तोंड चालू. कोंबडी नदीच्या अलीकडे, पिल्लं पलीकडे. नदी म्हणते, फुकट सोडणार नाही. पहिल्यांदा नदीनं गाणं मागितलं, कोंबडीनं गाऊन दाखवलं. पाणी उतरून गुडघ्यावर आलं. दुसऱ्यांदा नदीनं पिसं मागितली, कोंबडीनं एकेक उपटून दिली. पाणी घोट्यावर आलं. कोंबडीच्या आवाजात म्हातारी अशी काही कुरकुरली की निल्सा कॉफीचा कप हातात घेऊन तशीच जवळ येऊन बसली.

"तिसऱ्यांदा नदीनं..."

सुई थांबली.

"तिसऱ्यांदा नदीनं..."

"काय मागितलं, आजी?" निल्सानं विचारलं. अडखळत, पण स्पॅनिशमध्ये.

म्हातारी खिडकीबाहेर बघत राहिली. समोरच्या गच्चीवर कुणाचे तरी कपडे थंडीनं ताठ झाले होते.

"आठवत नाही गं बाई."

ओविदिया पुढे सरकली. "निल्साला सांगितली असेल ना कधी? निल्सा, तुला येते?"

निल्सानं नाही म्हणून मान हलवली.

"हिला कशाला सांगू?" दोन्या मोन्से साधेपणानं म्हणाली. "तेव्हा, आठ वर्षांची असताना, रोज हट्ट करायची. पण म्हटलं, शिकलेली बाई सांगते मुलांना सांगायची नाही, तर काही कारण असेल. पोर बिघडायला नको. हिला म्हणायचे, वाचनालयात जा, खऱ्या गोष्टी तिथे आहेत."

ओविदियाची पेन्सिल कागदावर टेकलेलीच राहिली. दर शनिवारी तीस-चाळीस पोरांना गुंगवणारी बाई ती. नदीला काय हवं होतं, याची दहा उत्तरं तिला तिथल्या तिथे रचता आली असती. तिला एकही उच्चारवेना.

"अगं, इतकं तोंड काय पाडतेस?" दोन्या मोन्सेनं तिच्या हातावर थोपटलं. "एवढी पुस्तकं आहेत तुझ्याकडे. बघ ना, एखाद्यात असेल."

निल्सा मेणबत्तीवर वाकली, गाल फुगवले, आणि थांबली.

"फुंकू?"

गोष्ट संपली नव्हती; ओविदियानं ज्योतीआड हात धरला.